कामाचे अधिष्ठान

एखादे काम नेमके कुठे घडते, हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापुढे १९९३ मध्ये प्राप्तिकराच्या वजावटीच्या निमित्ताने आला. व्हर्जिनियात राहणारा एक भूलतज्ज्ञ मेरीलँड आणि व्हर्जिनिया या दोन राज्यांतल्या तीन रुग्णालयांत मिळून आठवड्याला तीस-पस्तीस तास काम करी. बसायला खोली मात्र त्याला एकाही रुग्णालयाने दिली नव्हती. म्हणून घरातली एक जादा खोली त्याने फक्त कामासाठी राखून ठेवली होती. तिथे बसून तो रोज दोन-तीन तास शल्यविशारदांना आणि रुग्णांना फोन करी, बिलांच्या नोंदी ठेवी, वैद्यकीय नियतकालिके वाची. या खोलीचा खर्च उत्पन्नातून वजा करू द्यावा, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने ते मान्य केले नाही. त्याच्या व्यवसायाचा गाभा रुग्णावर उपचार करण्यात आहे, ते रुग्णालयात घडते आणि जास्त वेळही तिथेच जातो. तेव्हा घर हे मुख्य कार्यस्थळ ठरत नाही, असा ‘कमिशनर विरुद्ध सोलिमन’ खटल्याचा निकाल लागला. पुढे १९९७ मध्ये काँग्रेसने कायदाच बदलला. व्यवसायाचे व्यवस्थापन घरून होत असेल आणि त्यासाठी दुसरी ठरलेली जागा नसेल, तर घरही मुख्य कार्यस्थळ मानावे, असे ठरले.

न्यायालयाला कामाचे एक केंद्र हवे होते आणि घोटाळा तिथेच झाला. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत: अधिष्ठान, कर्ता, साधने, नाना प्रकारच्या हालचाली आणि दैव. शंकराचार्य अधिष्ठानाचा अर्थ शरीर असा करतात, आणि गीतेला तिथे करनीती सांगायची नाही, कर्तेपणाचा अहंकार उतरवायचा आहे, हे उघड आहे. तरीही त्या विचारातली एक गोष्ट इथे उपयोगी पडते: कोणतेही काम एकट्या कर्त्याचे नसते आणि एकाच कारणाने होत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलाशी दिलेली भूल आदल्या संध्याकाळी घरून केलेल्या फोनवरही उभी असते. असे असेल तर वजावट मागणे म्हणजे सरकारकडे मेहेरबानी मागणे नव्हे. मिळालेल्या पैशात कोणाकोणाचा आणि कशाकशाचा वाटा आहे, याचे ते खरे निवेदन आहे. वाजवी वजावट सोडून देण्यात म्हणूनच काही पुण्य नाही, आणि जास्त मागण्यात नुसता लोभ नसतो, खोटी साक्षही असते.

धंदा राज्याची हद्द ओलांडतो तेव्हा हे आणखी स्पष्ट होते. घरी बसून कारभार पाहायचा आणि शेजारच्या राज्यात जाऊन सेवा द्यायची, अशा स्वतंत्र व्यावसायिकाकडे तिथल्या कमाईवर ते राज्य कर मागू शकते, आणि राहते राज्य तर बहुतेक ठिकाणी सगळ्याच उत्पन्नावर मागते. मग उत्पन्नाची विभागणी होते, तिच्याबरोबर खर्चाचीही होते, आणि दुसरीकडे भरलेल्या कराचे श्रेय राहते राज्य सहसा देते. मेरीलँड हे श्रेय पुरते देत नव्हते. २०१५ च्या ‘विन’ (Wynne) खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत घटनाबाह्य ठरवली. दोन्ही राज्यांचे रस्ते, न्यायालये आणि बाजार त्या कमाईला लागले असतील, तर दोघांनाही वाटा मिळावा, पण एकाच रुपयाचे पूर्ण श्रेय दोघांनीही घेऊ नये. न्याय म्हणून यात खटकण्यासारखे काही नाही.

यावर पहिला आक्षेप स्वातंत्र्यवाद्यांचा. तत्त्वज्ञ रॉबर्ट नॉझिकने १९७४ मध्ये मांडले की श्रमाच्या कमाईवरचा कर हा सक्तीच्या मजुरीच्याच पंगतीला बसतो. तसे असेल तर वजावट फुगवणे म्हणजे आपलेच आपण परत घेणे. लियाम मर्फी आणि थॉमस नेगेल या तत्त्वज्ञांनी २००२ मध्ये याला उत्तर दिले: कर कापण्याआधीची रक्कम मुळात ‘माझी’ कशी ठरते? करार पाळले जातात, मालकी मानली जाते, ती ज्या व्यवस्थेमुळे, ती व्यवस्थाच करावर चालते. हे उत्तर सगळे लोक मान्य करणार नाहीत. पण कर अन्याय्य वाटतो म्हणून खोटा हिशेब खरा होत नाही, हे नॉझिकच्या अनुयायालाही नाकारता येऊ नये. विरोध उघडपणे करता येतो. फुगवलेली वजावट मात्र कोणाला कळू नये म्हणूनच केलेली असते.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे. नियम म्हणतो, घरातली कामाची जागा नियमितपणे आणि केवळ धंद्यासाठीच वापरलेली हवी. जेवणाच्या ज्या टेबलावर सकाळी पोळी-भाजी होते आणि दुपारी बिले तयार होतात, ते बाद. माल साठवणे किंवा पाळणाघर चालवणे, असे थोडेच अपवाद आहेत. जगणे आणि काम अशी रेघ मारून वेगळी होतात का? होत नाहीत. शिवाय त्याच टेबलावर बसणाऱ्या पगारी नोकराला केंद्रीय करात २०१८ पासून ही वजावटच उरलेली नाही. ही विषमता खरी आहे आणि कायदा सुधारावा, असेच ती सांगते. पण रेघ कृत्रिम आहे म्हणून ती निरर्थक ठरत नाही. आयुष्य कसे असते याचे वर्णन करायला ती काढलेलीच नाही. तिऱ्हाइताला पडताळता येईल असे काहीतरी हाती असावे, एवढ्यासाठी ती आहे. २०१३ पासूनची सोपी पद्धत, चौरस फुटाला ५ डॉलर आणि जास्तीत जास्त ३०० चौरस फूट, हीसुद्धा सत्याशी केलेली तडजोडच आहे; पण ती सर्वांसमोर केलेली आणि सर्वांना सारखी लागू होणारी तडजोड आहे.

या पद्धतीने खर्चाच्या पावत्यांची कटकट वाचते, पण ‘केवळ धंद्यासाठी’ ही अट सुटत नाही. ती पाळली की नाही, हे बहुतेक वेळा घरच्यांखेरीज कोणालाच ठाऊक नसते. कर अधिकारी प्रत्येक दार ठोठावत नाही. म्हणजे कायदा इथे शेवटी करदात्यालाच साक्षीदार नेमतो. काम पाच कारणांनी झाले असे मानणाऱ्याने ही साक्ष देताना स्वतःचा वाटा वाढवू नये आणि इतरांचा झाकू नये. अर्जातल्या चौरस फुटांच्या रकान्यात नीतीचा प्रश्न एवढाच आहे, आणि तो छोटा नाही.