हक्क सोडता येतो, ऋण नाही

मार्कंड्याच्या जत्रेत वैनगंगेकाठी कीर्तन आटोपले. बुक्का लावून घेताना एक गृहस्थ हळूच म्हणाले, "महाराज, काडीमोड झाली. पोट्ट्यावरचा हक्क मी सोडला, तिनं खर्च मागायचा नाही, असं लिहून घेतलं. आता मोकळा झालो ना?"

सज्जनहो, धनको ऋण सोडू शकतो. ऋणको स्वतःच स्वतःला कसा सोडणार? येथे धनको आहे ते लेकरू, आणि त्या कागदावर त्याची संमती नाही. नवराबायकोचे नाते मोडता येते. बापपण मोडत नाही. राजाचा कायदाही हेच सांगतो. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५, जे १ जुलै २०२४ पासून नव्या संहितेत कलम १४४ झाले, ते ऐपत असून लेकराला टाकणाऱ्यास पोटगी द्यावयास लावते; मग धर्म, जमात कोणतीही असो. आईबापांच्या आपसांतील कराराने लेकराचा हक्क बुडत नाही.

विठ्ठलपंतांनी संन्यास घेतला, तरी गुरूंनी त्यांना आळंदीस संसारात परत पाठविले, ही कथा आपण जाणतो. संन्यासानेही जे सुटले नाही, ते मुद्रांकाच्या कागदाने सुटेल काय?

ते म्हणाले, "पण भेटूही देत नाहीत." हे दुःख खरे. त्यासाठी कोर्टात दाद मागावी. परंतु भेट नाही म्हणून भात बंद, हा न्याय कोणत्या शास्त्रातला? भांडण लेकराने केलेले नाही. भूक मात्र त्याला लागते.

ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "धान विकलं की पाठवतो."

म्हटले, "पाठवा बाबा, आणि दर महिन्याला पाठवा." रामकृष्णहरि.