चौकटीतला मुलगा कोणाचा?

मराठी चित्रकथेच्या वाटचालीत २१ नोव्हेंबर १९९१ ही तारीख महत्त्वाची आहे. त्या दिवशी पुण्याच्या ‘सकाळ’मध्ये ‘चिंटू’ पहिल्यांदा छापून आला. चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर या दोघांनी मिळून तो घडवला. आई-पप्पा, पप्पू, मिनी, बगळ्या, राजू, जोशीकाकू, सतीशदादा अशी माणसे हळूहळू त्याच्याभोवती जमली आणि मध्यमवर्गीय मराठी घरातला हा मुलगा रोज सकाळी चहाबरोबर घरोघर येऊ लागला. पुण्याहून निघणारे दैनिक मंचर-नारायणगावला पोहोचते, तिथून निरगुडसरसारख्या आंबेगाव तालुक्यातल्या गावात जाते. त्यामुळे शहरात राहणारा चिंटू उसाच्या नि कांद्याच्या शिवारात वाढणाऱ्या मुलांच्याही ओळखीचा झाला. दोन दशकांनंतर, मे २०१२ मध्ये, श्रीरंग गोडबोले यांच्या दिग्दर्शनाखाली ‘चिंटू’ चित्रपट आला, पुढच्या वर्षी त्याचा दुसरा भागही आला. चिंटू कोणाचा हे तेव्हाही कोणाला विचारावे लागले नाही. मराठीत चित्रकथेच्या नायकाबरोबर त्याच्या निर्मात्यांची नावेही वाचकांच्या तोंडी राहिली, अशी उदाहरणे फार थोडी आहेत.

रोजच्या चित्रमालिकेचे काम बाहेरून दिसते तितके हलके नसते. दैनिकातली जागा जेमतेम वीतभर. तिच्यात तीन-चार चौकटी, चौकटीत माणसे, माणसांच्या डोक्यावर संवादाचे फुगे. न्यूजप्रिंटवर शाई जराशी पसरली तरी फुग्यातली अक्षरे वाचता आली पाहिजेत. मुलाचा चेहरा अंगठ्याच्या नखाएवढा असतो, तरी तो रागावला आहे, लबाडी करतो आहे की त्याला भूक लागली आहे, हे नजर टाकताच कळावे लागते. म्हणून भुवई एका रेषेची, तोंडही एका रेषेचे. ती रेष केसभर वर गेली की मूल उद्धट दिसते, खाली आली की रडवे. हसू येते शेवटच्या चौकटीत, पण ते पिकते तिच्या आधीच्या चौकटीत. तिथे एक शब्द जास्त झाला तरी मजा जाते. आणि हे सगळे उद्या पुन्हा करायचे असते, परवा पुन्हा. मालिका कित्येक वर्षे चालली तरी मुलाचे वय वाढू द्यायचे नसते. ज्या वाचकाने शाळेत असताना चिंटू वाचला त्याची मुले शाळेत जाऊ लागली, तरी चिंटू ओळखीचाच राहिला पाहिजे. असे सातत्य एखाद्या नोकरदार चित्रकाराकडून निघणे अवघड असते. ज्याला ते पात्र आपले वाटते तोच ते टिकवतो.

मराठी हातांनी याआधी चित्रकथा काढल्या नव्हत्या असे मुळीच नाही. भारतीय कॉमिक्सचा फार मोठा भाग मराठी हातांनीच काढलेला आहे. अनंत पै यांनी १९६७ मध्ये इंडिया बुक हाउसकडून ‘अमर चित्र कथा’ सुरू केली. पहिले दहा अंक पाश्चात्त्य परीकथांचे होते. मालिकेची खरी ओळख झाली ती अकराव्या अंकापासून, म्हणजे ‘कृष्ण’पासून, आणि त्याची चित्रे राम वाईरकरांची. ‘शिवाजी’चा अंक पुण्याच्या प्रताप मुळीकांनी काढला, तर त्याची संहिता ‘फास्टर फेणे’चे जनक भा. रा. भागवत यांनी लिहिली. शिवनेरीच्या पायथ्याशी वाढलेल्या मुलाच्या मनात महाराजांची मूर्ती आधीपासून होती. पण मद्रास-कलकत्त्याच्या कितीतरी मुलांनी महाराजांना पहिल्यांदा पाहिले ते मुळीकांच्या रेषेतून. महाभारताची ४२ अंकांची मालिका दिलीप कदमांनी काढली. १९८० मध्ये ‘टिंकल’ निघाले आणि तिथेही हीच मंडळी. १९८३ मध्ये अवतरलेला सुप्पांडी वाईरकरांचा, शिकारी शंभू वसंत हळब्यांचा, कालिया कावळा प्रदीप साठ्यांचा, तंत्री मंत्री अशोक डोंगऱ्यांचा. उत्तरेकडच्या ‘राज कॉमिक्स’चा नागराज १९८६ मध्ये आला, त्याचे सुरुवातीचे अंकही मुळीकांचेच.

या यादीतल्या पात्रांची नावे घेतली की वाचकाचा चेहरा उजळतो, चित्रकारांची घेतली की बहुतेकांना काहीच आठवत नाही. हा विसर वाचकांच्या कृतघ्नतेतून आलेला नाही, तो कामाच्या पद्धतीतूनच आला आहे. अंकाचा विषय संपादक ठरवीत. संहिता चौकटीगणिक बांधून चित्रकाराच्या हाती पडे, तीही बहुधा इंग्रजीत. तो पेन्सिलने रेखाटन करी, कुंचल्याने शाई चढवी. रंग आणि अक्षरे ही वेगळ्या माणसांची कामे होती. मोबदला कामाच्या हिशोबाने मिळे आणि हक्क संस्थेकडे राहत. चित्रकाराचे नाव आतल्या पानावर बारीक टाइपात छापलेले असे. अनंत पैंचे श्रेय यामुळे कमी होत नाही. कल्पना त्यांची होती, संपादनाची शिस्त त्यांची होती, अनेक भाषांत अंक पोहोचवण्याचा आटापिटाही त्यांनीच केला. आर्थिक जोखीम प्रकाशकाने उचलली. तरीही २००७ मध्ये ‘अमर चित्र कथा’ आणि ‘टिंकल’ दोन्ही एसीके मीडिया या नव्या कंपनीकडे गेली, तेव्हा सुप्पांडी आणि शिकारी शंभूही मालमत्तेच्या यादीतले जिन्नस म्हणून हस्तांतरित झाले. वाईरकरांच्या पश्चात सुप्पांडी काढणाऱ्या चित्रकार अर्चना आंबेरकर या त्यांच्या कन्या. वडिलांची रेषा मुलीच्या हातात आली, तरी पात्राची मालकी कंपनीचीच आहे.

चित्रकथाकाराची कारकीर्द याहून वेगळी कशी घडू शकते हे पाहायचे तर जपानच्या माचिको हासेगावा यांचे आयुष्य समोर ठेवावे लागते. त्यांचा जन्म ३० जानेवारी १९२० रोजी सागा प्रांतातला. लहानपण फुकुओकात गेले. वडील गेल्यावर आई तीन मुलींना घेऊन टोकियोत आली. ‘नोराकुरो’ या लोकप्रिय चित्रमालिकेचे कर्ते सुइहो तागावा यांच्याकडे किशोरवयातच माचिकोंनी शागिर्दी पत्करली आणि १९३५ मध्ये, पंधराव्या वर्षी, त्यांची चित्रे मुलींच्या मासिकात छापून आली. महायुद्धाच्या काळात कुटुंब पुन्हा फुकुओकाला गेले. युद्ध संपल्यावर तिथल्याच एका छोट्या सायंदैनिकाने त्यांच्याकडे चार चौकटींची मालिका मागितली. मोमोचीच्या समुद्रकिनाऱ्यावर फिरताना त्यांना पात्रे सुचली, म्हणून घरातल्या सगळ्यांची नावे समुद्रातून आलेली आहेत. नायिका साझाए हे एका शंखाचे नाव, भाऊ आणि वडीलही त्याच पाण्यातले. २२ एप्रिल १९४६ रोजी ‘साझाए-सान’ सुरू झाली. अन्नधान्याचे रेशन, शिध्यासाठीच्या रांगा, जुने कपडे उसवून नवे शिवणे हे तेव्हा घरोघरचे जगणे होते आणि तेच मालिकेत येत गेले. टोकियोला परतायची वेळ आली तेव्हा हासेगावांनी साझाएचे लग्न लावून मालिका आटोपती घेतली. पण ती संपली नाही. १९४९ पासून ती ‘आसाही शिंबुन’मध्ये येऊ लागली आणि मधली आजारपणे वगळता २१ फेब्रुवारी १९७४ पर्यंत चालली.

त्यांच्या आयुष्यातला सगळ्यात धाडसाचा निर्णय मात्र चित्राबाहेरचा होता. मालिकेची पुस्तके काढायची तर दुसऱ्या प्रकाशकाकडे का जायचे, असा विचार करून त्यांनी थोरल्या बहिणीसह ‘शिमाइशा’ ही स्वतःची प्रकाशन संस्था काढली. पहिल्या पुस्तकाचा आडवा, मोठा आकार दुकानदारांना गैरसोयीचा वाटला आणि प्रती परत आल्या. दुसरा भाग लहान आकारात काढल्यावर तो खपला आणि मागचाही उठला. पराभूत देशात, कागदाच्या टंचाईत, घरातल्या बायकांनी हे उभे केले. १९६९ मध्ये ‘साझाए-सान’ दूरदर्शनवर आली, पुढे जगातली सर्वाधिक काळ चाललेली ॲनिमेशन मालिका म्हणून तिची नोंद झाली. ‘तुसडी आजी’ ही त्यांची दुसरी मालिका घरातल्या म्हाताऱ्या बाईला गोड दाखवायचे नाकारते, आणि तिच्यात त्यांचा विनोद जास्त धारदार आहे.

हक्काच्या बाबतीतही त्यांनी संकोच केला नाही. टोकियोजवळच्या एका बस कंपनीने १९५१ पासून आपल्या सहलीच्या बसगाड्यांवर साझाए आणि तिच्या भावंडांचे चेहरे रंगवले होते. हासेगावा न्यायालयात गेल्या. बसवरचा चेहरा मूळ मालिकेतल्या अमुक एका चौकटीतून उचलला आहे असे दाखवता येत नसले तरी, पाहणाऱ्याला तो साझाएचा म्हणून ओळखू येतो एवढे पुरेसे आहे, असा निकाल टोकियोच्या जिल्हा न्यायालयाने मे १९७६ मध्ये दिला आणि मोठी भरपाई द्यायला लावली. चित्र एखादेच असले तरी पात्र मालिकाभर पसरलेले असते आणि ते निर्मात्याचे असते, ही गोष्ट त्या निकालाने मान्य केली. २७ मे १९९२ रोजी हासेगावांचे निधन झाले आणि त्याच वर्षी त्यांना राष्ट्रीय सन्मान मरणोत्तर जाहीर झाला. टोकियोत त्यांनी बहिणीसह उभे केलेले कलासंग्रहालय आजही आहे.

जपानच्या इतर चित्रकारांना पाय रोवून उभे राहता आले त्यामागे तिथल्या मासिकांची रीत आहे. मासिक पानामागे ठरलेला मोबदला देते, हक्क बहुधा चित्रकाराकडे राहतो, आणि मालिका पुस्तकरूपाने आली की प्रत्येक प्रतीमागे, साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, रॉयल्टी मिळते. चित्रकथाकार ओसामु तेझुका यांनी काढलेली ‘मुशी प्रॉडक्शन’ ही ॲनिमेशन कंपनी १९७३ मध्ये बुडाली. त्याच वर्षी त्यांनी साप्ताहिकात ‘ब्लॅक जॅक’ सुरू केली आणि ते पुन्हा उभे राहिले. कंपनी गेली, पण लेखक म्हणून बाजारातली पत शाबूत होती. ही रीत निर्दोष नाही. ठरल्या वेळी पाने देण्याचा रेटा माणसाला झिजवतो. हासेगावांच्या मालिकेतही आजारपणामुळे खंड पडले. पण झिजणाऱ्याला आपण कशासाठी झिजतो हे ठाऊक असते.

आपल्याकडेही जुन्नर-आंबेगावच्या लोकांना कलेवर कलावंताचे नाव असण्याची सवय आहे. या भागातल्या गावांची यात्रा ठरली की गावकारभारी नारायणगावला जातात, तिथे राहुट्या टाकून बसलेल्या तमाशाच्या फडांपैकी एकाला सुपारी देतात, आणि सुपारी दिली जाते ती नावाला. फड मालकाच्या नावाने चालतो आणि बहुतेक वेळा मालक स्वतः कलावंत असतो. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव पोस्टरवर असले की गर्दी हटत नसे. पण नुसते नाव पुरत नाही, हेही विठाबाईंच्याच आयुष्याने दाखवले. राष्ट्रपतींचा सन्मान मिळालेल्या या बाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले आणि जानेवारी २००२ मध्ये त्या वारल्या. वग दर रात्री नव्याने उभा राहतो आणि पहाटे संपतो. त्याची प्रत निघत नाही, म्हणून त्याचा हक्क म्हातारपणी घर चालवत नाही. चित्रकथेची प्रत निघते, पुन्हा छापली जाते, भाषांतरित होते, पडद्यावर जाते. म्हणजे चित्रकथाकाराला जे मिळू शकते ते तमासगिराला मिळणे शक्य नव्हते. मराठी चित्रकारांनी ते मागितले नाही किंवा मागूनही मिळाले नाही, हे म्हणूनच अधिक लागते.

कायद्याने वाट पूर्ण बंद केलेली नाही. १९५७ च्या भारतीय कॉपीराइट कायद्यानुसार कलाकृतीचा पहिला मालक तिचा कर्ता असतो. नोकरीत असताना केलेल्या कामाचा मालक सहसा मालक-संस्था असते, आणि पैसे देऊन काढून घेतलेल्या चित्राबाबतही काही प्रसंगी असेच होते. वृत्तपत्राच्या बाबतीत मात्र कायदा वेगळा विचार करतो. पगारी चित्रकाराने दैनिकासाठी काढलेल्या चित्रावर दैनिकाचा हक्क नियतकालिकातल्या प्रकाशनापुरता असतो, बाकीचा कर्त्याकडे राहतो. वेगळा करार नसेल तर पुस्तक, खेळणे, चित्रपट हे सगळे त्यात आले. म्हणजे रोजच्या वर्तमानपत्रातली वीतभर जागा चित्रकाराला ज्या अटींवर मिळते, त्या गुळगुळीत कागदावरच्या रंगीत पुस्तकापेक्षा कायद्याने अधिक उदार आहेत.

हक्क लिहून दिला तरी सगळे जात नाही. करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते, प्रदेश लिहिलेला नसेल तर तो भारतापुरता मानला जातो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर, करार होताना जे माध्यम अस्तित्वातच नव्हते त्याचा हक्क स्पष्ट उल्लेखाशिवाय दुसऱ्याकडे जात नाही. आपले नाव लावून घेण्याचा आणि कामाची मोडतोड रोखण्याचा अधिकार कलम ५७ ने कर्त्याकडे कायम ठेवला आहे, मालकी विकल्यानंतरही. आणि कलम ५३ अ प्रमाणे, चित्राचा कर्ता हाच त्याचा पहिला मालक असेल तर मूळ चित्र पुढे दहा हजार रुपयांवर विकले गेल्यास कर्त्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीतला वाटा, जास्तीत जास्त दहा टक्क्यांपर्यंत, मागता येतो. पुण्या-मुंबईत आज जी मुले-मुली टॅब्लेटवर चित्रकथा काढून मोबाइलवर प्रसिद्ध करीत आहेत, त्यांना संपादकाची संहिता नको आहे आणि छापखानाही लागत नाही. पण पहिला करार समोर आला की त्यातले मुदतीचे आणि माध्यमाचे कलम त्यांनीच वाचायचे आहे.