नकाशा वाचणाऱ्याचे ऋण

भूगोलाची पदवी घेणाऱ्याकडे आपला समाज काहीशा अनुकंपेने पाहतो. दुसरीकडे प्रवेश न मिळालेल्याचा हा विषय, असा एक समज रूढ आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा निर्देश दिला, तेव्हापासून त्याचा थोडा अंश पुढे पदवीच्या इतर विद्यार्थ्यांच्याही वाट्यास आला. पण सक्तीच्या विषयाचे जे व्हावयाचे तेच त्याचे झाले. असो. विषयाच्या प्रतिष्ठेविषयी आम्हांस येथे बोलावयाचे नाही. हे ज्ञान संपादन करणाऱ्यावर त्यामुळे काही बंधन पडते काय, एवढाच आमचा प्रश्न आहे.

३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला आणि सुमारे दीडशे माणसे त्याखाली गेली. आज माळीण हे परीक्षेतील उत्तरात द्यावयाचे उदाहरण झाले आहे: तीव्र उतार, झिजलेल्या खडकाचा भुसभुशीत थर, त्यात मुरलेला पाऊस. उत्तर बरोबर असते, गुणही मिळतात. परंतु समोच्च रेषा दाट झालेल्या पाहून जो उतार ओळखतो, त्यास त्या रेषांत छापलेले वाडीचे नावही दिसतच असते. ते वाचून त्याने काय करावे?

जाणणे हे विद्येचे काम, सावध करणे सरकारचे, असे कोणी म्हणेल. पण १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडी दरडीखाली गेली, तेव्हा दरडप्रवण गावांच्या सरकारी यादीत तिचे नावच नव्हते! यादीवर सर्व भार टाकून स्वस्थ बसणे हे आम्हांस तरी प्रामाणिकपणाचे वाटत नाही.

तथापि दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. उतार धोक्याचा आहे एवढे शास्त्र सांगते. तो याच पावसाळ्यात सुटेल की शंभर वर्षांनी, हे सांगत नाही. डोंगरावरच्या ठाकराचे रान, नाचणीचे शेत, देव, सारे तेथेच असते. दोन दिवसांच्या क्षेत्रभेटीस आलेल्या तरुणाने त्यास ‘येथून उठा’ म्हणावे, हा उद्धटपणा होय. सांगावयाचे ते आपल्या अनिश्चिततेसह सांगावे: जमिनीस भेग पडली, झऱ्याचे पाणी एकाएकी गढूळ झाले, झाडे कलली, तर मुसळधार पावसात घरात राहू नये. आणि मग ऐकावे; कोणता झरा कोठे फुटतो हे त्या माणसांस नकाशापेक्षा अधिक ठाऊक असते.

क्षेत्रभेटीचा अहवाल मात्र आमच्याकडे वेगळ्याच वाटेने जातो. गावाची घरे, विहिरी, शेते, उत्पन्न सारे विचारून घेतले जाते, वही बांधली जाते, तपासली जाते आणि महाविद्यालयाच्या कपाटात जाते. ज्यांनी चहा पाजून ही माहिती दिली, त्यांच्या ग्रामपंचायतीत तिची एक मराठी प्रत पोहोचविण्यास फारसा खर्च येऊ नये.