एका वर्षाचं अध्यक्षपद

स्वामी रामानंद तीर्थ १९३५च्या सुमारास अंबाजोगाईला आले, तेव्हा त्यांनी तिशी नुकतीच ओलांडली होती. गावाचं सरकारी नाव तेव्हा मोमिनाबाद. निजामाच्या राज्यात 'गश्ती ५३' या परिपत्रकामुळे परवानगीशिवाय सभा घेता येत नसे. उघड राजकारणाला वावच नव्हता. म्हणून माणसं शाळा, वाचनालयं आणि गणेशोत्सवातले मेळे यांतून एकत्र येत. स्वामीजी इथल्या योगेश्वरी नूतन विद्यालयात शिकवू लागले. अशी शाळा चालवायची तर दारोदार वर्गणी मागावी लागते, पै-पैचा हिशेब द्यावा लागतो, न पटणाऱ्या सहकाऱ्यालाही धरून ठेवावं लागतं. १९३८मध्ये हैदराबाद स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह झाला, तेव्हा हा शिक्षक त्यात पुढे होता. त्यासाठीची तयारी भाषणांनी नव्हे, शाळा चालवताना झाली होती, असं मला ठामपणे वाटतं.

आज त्याच गावात स्वामीजींच्या नावाचं वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉक्टर, वकील, प्राध्यापक, सीए, दुकानदार अशी तरुण मंडळी आहेत. पण आपल्या बीड जिल्ह्यात नेता म्हटलं की घराणं, गाड्यांचा ताफा आणि वाढदिवसाचे फलक डोळ्यांपुढे येतात. तरुणाच्या वाट्याला कुणाचा तरी कार्यकर्ता होणं तेवढं उरतं. म्हणूनच तरुण व्यावसायिकांचे गट मला महत्त्वाचे वाटतात.

रोटरी हा व्यावसायिकांचा असाच गट पॉल हॅरिस या वकिलाने १९०५ साली शिकागोत तीन मित्रांसह सुरू केला. बैठक पाळीपाळीने प्रत्येकाच्या कचेरीत होई, त्यावरून ते नाव पडलं. जेसीज या तरुणांच्या संघटनेत चाळिशीनंतर जागा सोडावी लागते. दोन्हीकडे अध्यक्षपद एक वर्षाचं. या सगळ्यात मला मोलाची वाटते ती ही मुदत.

अठ्ठावीस वर्षांच्या डॉक्टरचं म्हणणं दवाखान्यात कुणी खोडत नाही. गटाच्या बैठकीत मात्र मोबाइल दुकानाचा मालक उठून विचारतो, 'शिबिराच्या मांडवाला एवढा खर्च कशाला?' तिथे पदवी उपयोगी पडत नाही. पटवून द्यावं लागतं, प्रसंगी माघार घ्यावी लागते. खजिनदाराला जमाखर्च सगळ्यांसमोर वाचावा लागतो. आणि वर्ष संपलं की कालच्या अध्यक्षाने सतरंजी उचलायला यायचं. मराठवाड्याच्या सार्वजनिक जीवनात पद सोडून काम करत राहणारी माणसं कमी दिसतात, कारण ती सवय लागावी अशा जागाच आपण कमी ठेवल्या.

ओळखींतून धंदा वाढतो, त्यात गैर काही नाही. पण पदग्रहणाला पुढारी बोलवायचा, शाली-नारळ वाटायचे आणि फोटो काढून वर्ष संपवायचं, हे मात्र त्याच जुन्या दरबाराचं लहान रूप झालं. आणखी एक खटकतं. बैठका रात्री नऊनंतर हॉटेलात होतात. लहान मूल घरी असलेली डॉक्टर किंवा वकील बाई तिथे कशी येणार? मग महिलांसाठी वेगळी शाखा निघते आणि निर्णय पुरुषांच्या टेबलावर होतात.

पुढचे नवे पदाधिकारी येतील, तेव्हा बैठक रविवारी सकाळी एखाद्या शाळेच्या वर्गात घ्यावी. मुलं सोबत आली तरी चालतील. सत्कार एकही नको. आधी मागच्या वर्षाचा हिशेब वाचावा, आणि प्रश्न विचारण्याचा पहिला मान सर्वांत नव्या सभासदाला द्यावा.