स्वर्गींचें वेतन

सत्कृत्यास फळाची आशा चिकटली म्हणजे त्याचें सत्त्व उणें होतें काय, हा प्रश्न फार जुना आहे. पण तो आमच्यापुढें ग्रंथांतून आला नाहीं. येथें पनवेलीस आमच्या शेजारीं एक वृद्ध ख्रिस्ती परिचारिका राहत असत. त्यांच्या अखेरच्या दुखण्यांत भेटीस आलेले एक धर्मबंधु म्हणाले, "बाई, तुमचें प्रतिफळ स्वर्गांत राखून ठेविलेलें आहे." बाईंची मुद्रा उजळली. आमच्या मनांत मात्र, खरें सांगावयाचें तर, किंचित् तुच्छतेचा भाव आला. निष्काम कर्माचा उपदेश आम्ही लहानपणापासून ऐकत आलेले. तेव्हां जन्मभर केलेल्या सेवेची ही शेवटीं मजुरीच ठरली, असें आम्हांस वाटलें. घरीं परततांना त्या विचाराची लाज वाटूं लागली, आणि तो एकदां नीट तपासून पाहावा असें आम्हीं ठरविलें.

प्रथम आक्षेपास त्याचा वांटा दिला पाहिजे. शुभवर्तमानांत प्रतिफळाची भाषा आहे, ती झांकून ठेवण्यांत अर्थ नाहीं. कसर व गंज जेथें पोंचत नाहींत अशा ठिकाणीं ठेव सांठवावी, असें ख्रिस्त डोंगरावरील प्रवचनांत सांगतो. पौल तर शर्यत पुरी करणाऱ्यास मिळणाऱ्या मुगुटाचा दाखला देतो. पण आमचें घर तरी याहून निराळें कोठें आहे? पोथीच्या शेवटीं फलश्रुति असतेच, आणि पुण्य सरलें कीं स्वर्गवासी पुन्हां मर्त्यलोकीं येतो, हा जमाखर्च गीतेनेंच सांगितला आहे. पनवेलींतील बेने इस्रायल बांधवांचें बेथ एल हें प्रार्थनामंदिर १८४९ सालचें. त्यांच्या परंपरेंत, ख्रिस्ताच्या पूर्वीं होऊन गेलेल्या सोखोच्या अँटिगोनस या आचार्यानें, धन्याची चाकरी वेतनावर डोळा ठेवून करूं नये, असें शिष्यांस बजाविलें होतें. तेव्हां हा पेंच कोणा एका धर्माचा नाहीं.

आतां ख्रिस्ताचाच एक दृष्टांत पाहूं. द्राक्षमळ्याचा धनी पहाटे मजूर लावतो, दुपारीं लावतो, दिवस मावळावयास एक तास उरला असतां आणखी लावतो; आणि सायंकाळीं सर्वांच्या हातावर सारखाच एक दिनार ठेवतो. उन्हांत राबलेले कुरकुरतात. अर्थशास्त्राच्या वर्गांत हा दृष्टांत सांगितला तर विद्यार्थीहि त्यांचाच पक्ष घेतील. परंतु कथेचा रोख तोच आहे: हें नांवानें वेतन, वस्तुतः दान. न्यायाच्या दिवसाच्या वर्णनांतहि, भुकेल्यास अन्न व उघड्यास वस्त्र देणारे सज्जन प्रतिफळ ऐकून चकित होतात. हें आपण केव्हां केलें, असें तेच उलट विचारतात. ज्यानें हिशेबाची वही ठेविली असती त्यास विस्मय वाटला नसता. ईश्वर मनुष्याच्या पुण्यास मुगुट घालतो तो आपल्याच देणगीस घालतो, असें पुढें संत ऑगस्टिननें म्हटलें. आणि पापक्षमापत्रांचा बाजार भरला असतां १५१७ सालीं ल्यूथरनें जो निषेध केला, त्याच्या मुळाशींहि स्वर्ग विकत मिळत नाहीं हाच विश्वास होता.

आमच्या महाराष्ट्रांत ज्यांनीं हा मार्ग धरिला त्यांस ऐहिक लाभाचा आरोप पुष्कळ ऐकावा लागला. नारायण वामन टिळकांनीं १८९५ सालीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, तेव्हां जात, गोत आणि कांहीं वर्षें पत्नीचा सहवासहि त्यांनीं गमावला. पुढें १९१७ सालीं मिशनचा पगारहि आपण होऊन सोडला. पंडिता रमाबाईंनीं १८९६-९७ च्या दुष्काळांत मध्यप्रांतांतून निराधार मुली आणून केडगांवीं त्यांस आश्रय दिला. त्यांची एकुलती कन्या मनोरमा त्यांच्या डोळ्यांदेखत १९२१ सालीं वारली, आणि १९२२ सालीं त्या स्वतः निवर्तल्या. प्रतिफळ म्हणजे सुखाचा मोबदला असेल, तर या दोघांचा हिशेब तोट्याचाच म्हणावा लागेल.

आमच्या मतें येथें दोन प्रकारचीं फळें निराळीं केलीं पाहिजेत. विद्यार्थ्यास पारितोषिक मिळतें तें अभ्यासाच्या बाहेरचें. पण काव्याचा अभ्यास करतां करतां काव्य कळूं लागतें, तें फळ अभ्यासाच्या पोटींच असतें. ईश्वराचें सान्निध्य हाच ख्रिस्ती स्वर्गाचा गाभा असेल, तर ज्यानें कधीं प्रीति केली नाहीं त्यास त्या स्वर्गांत काय गोडी वाटणार? लोभ्यानें लोभावें असें तेथें कांहीं नाहीं. कर्तव्य फळासाठीं करूं नये असें कडक शब्दांत सांगणाऱ्या कांटनेंहि, सद्गुण व सुख यांचा अखेरीस मेळ बसेल ही आशा बुद्धीस सोडतां येत नाहीं, असें १७८८ सालच्या आपल्या ग्रंथांत प्रतिपादिलें. एक धोका मात्र उरतो: उपाशी मनुष्यास स्वर्गाचें आश्वासन देऊन त्याची हक्काची भाकरी अडवून ठेवणें. त्या वचनाचा असा उपयोग करणारा त्या वचनाचाच द्रोह करतो.

कांहीं दिवसांनीं आम्ही बाईंकडे पुन्हां गेलों. धीर करून विचारलें, "बाई, तें प्रतिफळ कसलें असेल असें तुम्हांस वाटतें?" त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "माझ्या हातून जीं माणसें वांचलीं नाहींत, तीं बरीं झालेलीं पाहावयास मिळतील. दुसरें काय?"

आम्ही निरुत्तर झालों. हा मजुरीचा हिशेब नव्हता. अपुरी राहिलेली सेवा पुरी व्हावी, एवढीच ती इच्छा होती. आणि आमची निष्कामता? तीस वर्षें शिकविल्यावर एखादा जुना विद्यार्थी रस्त्यांत ओळख न देतां पुढें गेला, तर आमचा सबंध दिवस कडू होतो. फळाची इच्छा आम्हांसहि आहे. फक्त ती आम्ही तत्त्वज्ञानाच्या शालीखालीं झांकून ठेवतों. त्या दिवसापासून दुसऱ्याच्या श्रद्धेस मजुरी म्हणण्याचें धाडस आम्हांस झालेलें नाहीं.