जिन्यातली खिंड

सोलापूरच्या नवी पेठेत एका कापड दुकानाच्या डोक्यावर आप्पांची खोली होती. वर जायला लाकडी जिना. तोही इतका अरुंद, की एक माणूस चढत असला तर उतरणाऱ्यानं वरच थांबावं. आप्पांचा उभा जन्म गिरणीच्या रंगखात्यात गेला. गिरणी बंद पडली, भोंगा थांबला, पण नखांच्या कडेला बसलेली निळाई काही गेली नाही. आता ते दिवाळीच्या किल्ल्यांसाठी भाजलेल्या मातीची चित्रं रंगवत. दोन बोटं उंचीचे मावळे, भालाईत, तोफची. हाताखाली नातू विठू, सातवीतला.

त्या वर्षी खालच्या दुकानाच्या मालकांनी मोठं काम दिलं. दर्शनी काचेमागे देखावा मांडायचा होता. डावीकडे वेढा पडलेला पन्हाळा, उजवीकडे शिवाजी महाराज तिथून निसटून गेले तो विशाळगड, मध्ये मावळ्यांनी त्यांचा पाठलाग अडवून धरला ती घोडखिंड. चित्रं 80. त्यांतली 40 आपली, 40 शत्रूची.

"आपली सगळी भगवी, त्यांची सगळी हिरवी," मालक म्हणाले. "रस्त्यावरनं जाणाऱ्याला लांबून कळलं पाहिजे, कोण कुणाकडचं ते. धनत्रयोदशीला पडदा काढायचा."

विठूला हे फारच पटलं. दोन डबे, दोन ब्रश, दोन दिवसांत काम फत्ते. आप्पा नुसतं "बघू" म्हणाले.

दुसऱ्या दिवशी विठू शाळेतून आला तेव्हा आप्पा बाजारात गेले होते. त्यानं मालकांकडून ऑइल पेंटचा भगवा डबा आणला आणि दिवेलागणीपर्यंत 40 चित्रं रंगवून रांगेत उभी केली. आप्पा आले, त्यांनी चष्मा लावला, एक चित्र उचलून दिव्याखाली धरलं.

"ह्याचं नाक कुठं गेलं रे?"

विठूनं पाहिलं. नाक नव्हतं. मिशी नव्हती. पागोट्याचे पीळ बुजून नुसता गोळा झाला होता. हात कुठला आणि तलवारीची मूठ कुठली, कळत नव्हतं. रांगेतली सगळी तशीच.

"मालकांनीच सांगितलं होतं की!"

"सांगितलं त्यांनी. पण ब्रश कुणाच्या हातात होता?"

आप्पा ओरडले नाहीत. त्यांनी एका वाटीत थिनर ओतलं, जुना टूथब्रश दिला आणि स्वतः टाचणी घेऊन समोर बसले. मध्यरात्रीपर्यंत आजोबा-नातू रंग उतरवत होते. एकेका चित्राचं नाक वर येई, मग ओठ, मग पागोट्याचा पीळ. चाळिसाव्याचं तोंड मोकळं झालं तेव्हा विठूची बोटं चुरचुरत होती.

"रंग थापायचा नसतो, चढवायचा असतो," आप्पा म्हणाले. "एका जाड हातानं माणूस बुजतो. तीन पातळ हातांनी तो वर येतो."

दुसऱ्या दिवसापासून खरं काम सुरू झालं. यंत्रमागाच्या रिकाम्या बॉबिनवर मेणानं चित्र चिकटवायचं, म्हणजे बोटं रंगाला लागत नाहीत आणि चित्र चहूकडून फिरवता येतं. आधी पांढरं अस्तर. ते वाळलं की कपड्याचा रंग, पाण्यासारखा पातळ, दोन-तीन वेळा. मग तपकिरी रंगाचं आणखी पातळ पाणी वरून सोडायचं. ते आपसूक घड्यांत उतरतं आणि तिथं सावली पडते. शेवटी कोरड्या ब्रशला नावापुरता उजळ रंग लावून उंचवट्यांवरून हलकेच फिरवायचा, की खांदे, गुडघे, पागोट्याची कड उठून दिसते. तलवारीला आधी काळा हात, मगच चंदेरी; नाहीतर ती पोलादाची न वाटता चॉकलेटच्या कागदाची वाटते. डोळ्यांत पांढरं भरायचं नाही. एवढ्याशा तोंडात पांढरं भरलं की माणूस दचकल्यासारखा दिसतो. भुवईखाली केसाएवढी काळी रेघ पुरे, आणि ती ओढताना श्वास रोखायचा.

पण रंग कोणते द्यायचे? विठूनं पेटीतला झगझगीत गुलाबी काढला. आप्पांनी तो बाजूला ठेवला.

"ही लढाई कधीची?"

"जुलै 1660."

"आणि हा गुलाबी कारखान्यातला. असले रंग निघायला सुरुवात झाली 1856 साली, विल्यम पर्किन नावाच्या पोरानं लंडनमध्ये जांभळा शोधला तेव्हापासून. तो तेव्हा 18 वर्षांचा होता. म्हणजे तुझ्या मावळ्यानं 196 वर्षं आधी दुकानात जाऊन कापड आणलं म्हण की!"

मग काय होतं त्या काळी? आप्पा बोटांवर मोजत सांगू लागले. निळीच्या झाडाचा निळा. आलाच्या मुळीचा आणि मंजिष्ठेचा तांबडा. हळदीचा पिवळा. आपल्या सोलापूरकडच्या रानात करडई असते, तिच्याच फुलांचा कुसुंबी. पण रंगाला पैसा पडतो. गरिबाच्या अंगावर बहुतेक न रंगवलेलं सुती कापड, धुऊन धुऊन मातकट झालेलं. आणि गणवेश? आजच्या लष्करासारखा सगळ्यांना एकच गणवेश तेव्हा नव्हता. घरात जे होतं ते अंगावर.

"मग त्यांच्या बाजूचे?"

"त्यांच्या बाजूच्यांना कापड काय आभाळातून पडत होतं? तोच कोष्टी, तोच रंगारी, तीच नीळ."

विठू गप्प झाला. आप्पा बॉबिन फिरवत बोलत राहिले. पन्हाळ्याला वेढा घातला होता आदिलशाहीच्या सिद्दी जौहरनं. पण तो वेढा फोडायला बाहेरून नेताजी पालकरांबरोबर जो लढला, तो सिद्दी हिलाल. तोही सिद्दीच, पण महाराजांच्या बाजूचा. त्याचा मुलगाही त्या लढाईत होता. आणि तिकडे विशाळगडाच्या पायथ्याशी महाराजांची वाट अडवून कोण बसले होते? शृंगारपूरचे सूर्यराव सुर्वे आणि पालवणचे जसवंतराव दळवी.

"सुर्वे आणि दळवी? आपलेच?"

"नाव ऐकून आपले वाटतात खरे. बरं, त्या साली आपलं सोलापूर कुणाकडे होतं?"

विठूला भुईकोट किल्ला ठाऊक होता. शाळेची सहल तिथंच जायची. हे मात्र ठाऊक नव्हतं.

"आदिलशाहीकडे," आप्पा म्हणाले. "म्हणजे आपल्या गावचा एखादा गडी त्या वेढ्यात भिजत उभा असला तर नवल नाही."

आठ दिवसांत 80 चित्रं झाली. शेवटी आप्पांनी चिखलाच्या रंगाचं पातळ पाणी केलं आणि प्रत्येकाला गुडघ्यापर्यंत, कुणाला छातीपर्यंत लावलं. आषाढातली पावसाची रात्र, घोडखिंडीपर्यंतची रानवाट. कोरडा कोण राहील? वाळायला ठेवताना विठूचा धक्का लागला आणि दोन्ही ताटं पालथी झाली. चित्रं फुटली नाहीत, पण इकडची तिकडची एक झाली. साचे तीनच होते. कपडे तेच, चिखल तोच.

विठू रडकुंडीला आला. "आता आपले कोणते आणि त्यांचे कोणते, कसं ओळखायचं?"

आप्पांनी ढिगातून एक भालाईत उचलला, देखाव्यातल्या खिंडीच्या डाव्या तोंडाशी ठेवला. "हा कोण?"

"खिंडीत घुसणारा. शत्रूचा."

आप्पांनी तोच उचलला, चार बोटं उजवीकडे नेला आणि उलटा वळवून ठेवला. "आता?"

विठूचं तोंड उघडंच राहिलं. "मावळा."

मग पालखीची पाळी आली. एका पालखीत महाराज, दुसरीत त्यांचं सोंग घेतलेले शिवा काशीद. साचा एक, अंगरखा एक, जिरेटोप एक. "कपड्यांनी त्या रात्री सिद्दीच्या फौजेला फसवलं," आप्पा म्हणाले. "पण शिवा काशिदांनी स्वतःला नाही फसवलं. ही पालखी कुठं जाणार आहे, हे आत बसताना त्यांना माहीत होतं."

धनत्रयोदशीच्या आदल्या संध्याकाळी आप्पा चहा आणायला खाली गेले आणि जिन्यावर पावलं वाजली. पुढं दुकानातला गडी, त्याच्या हातात भगव्या स्प्रेचा डबा. मागं मालक. दुपारी ते डोकावून गेले होते आणि मातकट चित्रं बघून त्यांचं डोकं फिरलं होतं.

विठू जिन्याच्या वरच्या पायरीवर येऊन उभा राहिला. दोन्ही हात दोन्ही भिंतींना टेकले.

"बाजूला हो बे," गडी म्हणाला.

"वर यायचं नाही."

"अरे, पैसे मी देतोय!" खालून मालक गरजले. "कुणी सांगितलं तुला वाट अडवायला?"

'आप्पांनी सांगितलंय', हे वाक्य विठूच्या जिभेवर तयार होतं. ते म्हटलं की सुटका होती; आप्पा आणि मालक काय ते बघून घेतील. त्याचे गुडघे लटपटत होते. त्यानं आवंढा गिळला.

"कुणी नाही. मीच सांगतोय. पैसे देऊ नका, पण त्यांची तोंडं पुन्हा बुजवायची नाहीत. डबा खाली ठेवा, काका, मग या वर. बघा, आणि मग काय ते बोला."

गडी वरच्या पोराकडे बघे, मग खालच्या मालकांकडे. जिन्यात दोघं शेजारी उभे राहतील एवढीही जागा नव्हती. मालकांच्या मागे, जिन्याच्या तळाशी, हातात चहाची किटली घेऊन आप्पा कधीचे उभे होते. ते बोलले नाहीत.

शेवटी मालक कुरकुरत म्हणाले, "ठेव रे डबा."

खोलीत दिवा लागला होता. मालक देखाव्यावर वाकले. बराच वेळ वाकून राहिले. प्रत्येकाला तोंड होतं. एकाच्या कपाळाला आठी होती, एकाची मिशी पावसानं खाली आली होती, एकजण दात ओठ खात होता.

"पण ह्यांत आपले कोणते?" त्यांचा आवाज आता उतरला होता.

"ओळखा," विठू म्हणाला.

मालकांचं बोट डावीकडून सरकत खिंडीत आलं. तिथं जरा घुटमळलं. मग खिंडीच्या आतल्या मूठभर चित्रांवर थांबलं.

"हे. ह्यांच्या मागं विशाळगडाची वाट मोकळी आहे. तरी ह्यांची तोंडं इकडंच आहेत." ते थोडं थांबले. "जायला वाट असून जात नाहीत, ते आपले."

आप्पांनी चहा ओतला. स्प्रेचा डबा मागवून घेतला, त्यातला थोडा रंग बाटलीच्या झाकणात मारला आणि शून्य नंबरचा ब्रश विठूच्या हाती दिला. विठूनं विशाळगडावरचा नखाएवढा झेंडा तेवढा भगवा केला, तीन पातळ हातांनी.

दुसऱ्या दिवशी पडदा सरकला. दिवाळीच्या खरेदीला आलेली गर्दी काचेशी थांबू लागली. लांबून काही कळत नव्हतं, म्हणून लोक जवळ येत, वाकत, एकमेकांना बोटानं दाखवत. जिना चढताना आप्पांनी वरच्या पायरीवर हात ठेवला आणि म्हणाले, "खिंड लहान होती. पण होती."

तात्पर्य : अंगावर रंग कुणीही चढवू शकतं, उभं राहायची जागा ज्याची त्यानंच निवडायची असते.