शर्त नसलेली शर्यत

सायकलने ऑफिसला जाणाऱ्यांचा एक खेळ आहे. त्याबद्दल सहसा कुणी बोलत नाही, कारण बोलून दाखवला की तो फारच बालिश वाटतो. पुढे शंभरेक मीटरवर एक सायकल दिसते. चालवणारा अनोळखी. पाठीवरची लॅपटॉपची सॅक आणि मागचा लुकलुकणारा लाल दिवा, एवढीच त्याची ओळख. आणि आपले पाय आपल्याला न विचारता जरा जोरात फिरायला लागतात. दोन मिनिटांनी आपण त्याला ओलांडतो, चेहऱ्यावर 'मी माझ्या नेहमीच्याच वेगाने चाललेय' असा भाव आणून. पुढच्या चढावर मागून चेनचा आवाज येतो आणि तो आपल्याला ओलांडतो, चेहऱ्यावर तोच भाव आणून. शर्यत सुरू झालेली असते. ती जाहीर मात्र कुणीच केलेली नसते.

माझा रस्ता पुण्यातला. शिवाजीनगरहून विद्यापीठ चौक, औंध, राजीव गांधी पूल, रक्षक चौक, जगताप डेअरी, वाकड आणि मग हिंजवडी. साधारण १६ किलोमीटर. एके काळी सायकलींचं शहर म्हणून मिरवणाऱ्या पुण्यात आता या रस्त्यावर सकाळी सायकलवाले मोजकेच दिसतात, त्यामुळे जो दिसतो तो लगेच नजरेत भरतो. बहुतेक शर्यती पूल ओलांडल्यावर होतात, कारण औंधमधल्या सिग्नलांच्या आधी कसली शर्यत आणि कसलं काय.

या खेळाचे नियम मला कुणी शिकवले नाहीत, तरी इथे भेटणारे बहुतेक जण ते पाळतात. सिग्नल तोडून पुढे गेलात तर ते पुढे जाणं धरत नाहीत. मागे वळून बघायचं नाही. ओलांडताना धापा टाकायच्या नाहीत, निदान ऐकू जातील अशा तरी नाहीत. बॅटरीवरची सायकल हिशेबात नाही. ज्या चौकात रस्ते वेगळे होतात ती फिनिश लाइन. तिथे कोण पुढे होतं ते दोघांनाही कळतं आणि दोघंही काही बोलत नाहीत.

मजेचं सोडून देऊ. प्रश्न असा आहे, की ज्याला विचारलंच नाही त्याच्याशी शर्यत लावायचा मला अधिकार आहे का?

शब्दात दडलेला करार

'शर्यत' आणि 'शर्त' या मराठीत सख्ख्या बहिणी आहेत. दोन्ही एकाच अरबी शब्दातून आलेल्या, आणि त्या शब्दाचा अर्थ अट किंवा करार. म्हणजे ॲप इन्स्टॉल करताना आपण न वाचता मान्य करतो त्या 'अटी व शर्ती' आणि सायकलची शर्यत यांचं मूळ एकच. शब्दाच्या हिशेबाने शर्यतीच्या आधी काहीतरी ठरलेलं असायला हवं. कुठून कुठे, कोण कोण, जिंकल्यावर काय. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत तसं ठरलेलं असतं. नाव नोंदवलेलं, नंबर लावलेला, बोरघाट सगळ्यात आधी चढणाऱ्याला 'घाटाचा राजा' हा मान. तिथे हरलेला कुणी 'मला माहीतच नव्हतं शर्यत चालू आहे' असं म्हणू शकत नाही.

रस्त्यावरच्या आपल्या शर्यतीत मात्र शर्तच नाही. मग तिला शर्यत म्हणायचं का?

बर्नार्ड सूट्स या तत्त्वज्ञाने १९७८ साली 'द ग्रासहॉपर' नावाचं पुस्तक लिहिलं. खेळाची व्याख्या करता येत नाही, असं विट्गेन्श्टाइनचं म्हणणं प्रसिद्ध आहे. सूट्सने ती करून दाखवली. त्याचा मुद्दा थोडक्यात असा: खेळात आपण सोपी वाट असूनही मुद्दाम अवघड वाट धरतो, आणि ते अवघडपण स्वखुशीने स्वीकारतो, कारण त्याच्याशिवाय तो खेळच उरत नाही. हिंजवडीला पोचायला बस आहे, कॅब आहे, आणि सायकलनेही निवांत जाता येतं. मी २० च्या वेगाने गेले तर १६ किलोमीटरला ४८ मिनिटं लागतात, २४ च्या वेगाने ४० मिनिटं. वाचली आठ, आणि त्यातली बरीचशी पुढचा सिग्नल खाऊन टाकतो. उलट हवा कापायला लागणारी शक्ती वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते. म्हणजे वेग २० टक्क्यांनी वाढवला की हवेसाठीच मला सुमारे ७० टक्के जास्त ताकद लावावी लागते. मॅनेजरला दाखवला तर हा हिशेब एका मिनिटात नामंजूर होईल. म्हणूनच तो खेळ आहे.

पण सूट्सच्या मांडणीत सगळा भार 'स्वखुशी' या शब्दावर आहे. माझी खुशी मला माहीत आहे. पुढे चाललेल्या माणसाची?

दुसऱ्याचं काय जातं?

यावर एक सोपं उत्तर आहे: त्याचं काय जातं? शर्यत माझ्या डोक्यात आहे. मी उद्या विजेच्या खांबांशी शर्यत लावली तर खांबांची परवानगी घेऊ का?

हे उत्तर मला पटत नाही, कारण माणूस पुढे असला की फरक पडतो, आणि तो दोन्ही बाजूंना पडतो. नॉर्मन ट्रिप्लेट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १८९८ साली सायकल शर्यतींच्या नोंदी तपासल्या. एकट्याने घड्याळाविरुद्ध सायकल चालवणाऱ्यांपेक्षा सोबत कुणीतरी असलेले जास्त वेगाने जात होते. पुढचा माणूस वारा अडवतो हे एक कारण त्याला माहीत होतंच, पण तेवढ्याने त्याचं समाधान झालं नाही. म्हणून त्याने ४० मुलांना गळाची रिळं गुंडाळायला दिली, कधी एकेकट्याला, कधी दुसऱ्या मुलासोबत. इथे वाऱ्याचा प्रश्नच नव्हता. तरी बरीच मुलं सोबतीत जास्त वेगाने रीळ फिरवू लागली. या प्रयोगाचा पुढचा भाग फारसा सांगितला जात नाही. काही मुलांवर सोबतीचा परिणाम झालाच नाही, आणि काही चक्क गडबडून हळू झाली.

म्हणजे दुसऱ्याचं असणं हे इंधन असतं, आणि काहींसाठी ओझंही. खांबाला यातलं काहीच होत नाही.

मराठीत यासाठी एक चांगला शब्द आहे, ईर्षा. हिंदीत 'ईर्ष्या' म्हणजे सरळ जळफळाट. मराठीत आपण 'ईर्षेने खेळली' असं कौतुकाने म्हणतो, आणि जळफळाटासाठी मत्सर, असूया असे शब्द वेगळे ठेवतो. दोन्हींतला फरक ओळखायची सोपी युक्ती आहे. ऐन रंगात आलेल्या शर्यतीत समोरच्याची चेन पडली, तर तुम्हाला काय वाटतं? बरं वाटलं तर तो मत्सर. 'अरेरे, आत्ता कुठे मजा येत होती' असं वाटलं तर ती ईर्षा. ईर्षेला समोरचा भक्कम लागतो. तो थांबला की तिचाही खेळ खलास. त्यात तो पुढे असताना तुमच्यासाठी वाराही कापत असतो, म्हणजे ज्याला हरवायचं तोच तुम्हाला मदत करतोय. ही निखळ चांगली गोष्ट आहे असं मला वाटतं. दोन अनोळखी माणसं काहीही न देता-घेता एकमेकांना थोडं जास्त जिवंत करून जातात.

पण हे सगळं दोघंही खेळत असतील तरच.

मागून येणारा आवाज

मी मुलगी आहे, त्यामुळे हा प्रश्न मला फक्त पुस्तकातून पडलेला नाही. सकाळी सातला, रस्ता बऱ्यापैकी मोकळा असताना, मागून कुणीतरी वेग वाढवत जवळ येतंय हे ऐकू आलं की पहिल्या काही सेकंदांत मला ठरवावं लागतं: हा खेळ आहे की आणखी काही? त्याच्या मनात निव्वळ सायकलिंगचा उत्साह असेलही. तो मला दिसत नाही. मला फक्त आवाज ऐकू येतो.

या काही सेकंदांनी मला संमतीबद्दल बरंच शिकवलं. मी वेग कमी करते आणि बघते. तो ओलांडून पुढे निघून गेला, तर विषय संपला. तोही हळू झाला, मी कडेला थांबले तर तोही थांबला, तर ती शर्यत नव्हे, मग त्याच्या हाताखाली कितीही महागडी सायकल असो. स्पर्धा करणाऱ्याला माझा वेग हवा असतो. वेग काढून घेतला की त्याला माझ्याशी काही देणंघेणं उरत नाही. माझा नकार कळतो आणि चालतो, इथेच दोन्हींची वाट वेगळी होते.

यातून मला उत्तराचं एक टोक सापडतं. न बोलता केलेली शर्यत संमतीशिवाय असतेच असं नाही. तिची संमती आधी सही करून मिळत नाही, ती खेळता खेळता मिळते. गाण्याच्या भेंड्या आठवा. ट्रिपच्या बसमध्ये कुणीतरी गाणं म्हणतं आणि अक्षर सोडून देतं. ज्याला खेळायचंय तो ते उचलतो. ज्याला झोपायचंय तो डोळे मिटतो, आणि कुणी त्याला हरला म्हणत नाही. ओलांडणं हे तसंच सोडलेलं अक्षर आहे. पुरेसं अंतर ठेवून, घंटी वाजवून ओलांडायचं आणि पुढे निघायचं. समोरून उत्तर आलं तर खेळ सुरू. नाही आलं तर ऑफिस आहेच.

मात्र त्यासाठी नकार देणं फुकट असायला हवं. तो देण्यासाठी समोरच्याला काहीही मोजावं लागत असेल, मग ती भीती असो, अपमान असो की पैसे, तर त्याच्या गप्प बसण्याला होकार म्हणता येत नाही.

ज्यांना थांबता येत नाही

याच रस्त्यावर हँडलला डबा अडकवून ड्यूटीवर निघालेले वॉचमनकाका असतात. सायकलवरून डिलिव्हरी करणारी मुलं असतात. त्यांच्या वेगाचा माझ्याशी संबंध नसतो. काकांना पुढचे बारा तास उभं राहायचंय, म्हणून ते ताकद राखून चालवतात. डिलिव्हरीवाल्याच्या मोबाइलवर मिनिटं पळत असतात. तो मला ओलांडतो तेव्हा तो मला ओलांडत नसतो, उशीर टाळत असतो. अशा माणसाला मनातल्या मनात हरवून खूश होण्यात मला काही अर्थ दिसत नाही.

पण 'गरिबाशी शर्यत लावायची नाही' असा नियम काढला तर तोही चुकेल. कधी कधी जुन्या काळ्या सायकलवरचा एखादा मुलगा पेडलवर उभा राहून, दात काढत, माझ्या गिअरवाल्या सायकलला मागे टाकतो. आमंत्रण त्याचं आहे. तिथे दया दाखवून त्याला जिंकू देणं हा त्याचा अपमान होईल. तिथे जीव तोडूनच चालवायची. मुद्दा माणूस कोणत्या सायकलवर आहे हा नाही. या क्षणी त्याला वाटलं तर तो हे सोडून देऊ शकतो का, हा आहे.

हाच प्रश्न घेऊन ऑफिसात शिरलं की अवघड होतं. आमच्या क्षेत्रात सगळ्यांना एका वक्रावर बसवून रेटिंग देण्याची पद्धत कुणाला नवी नाही. टीममधल्या पाच जणांत एकाला 'उत्कृष्ट' म्हणायचं तर दुसऱ्या कुणाला तरी खाली ढकलावं लागतं. त्याला 'हेल्दी कॉम्पिटिशन' म्हणतात. यात शर्ती अगदी लेखी असतात, सहीसुद्धा असते. तरी रस्त्यावरच्या शर्यतीत असलेली एक गोष्ट इथे नसते: वेग कमी करून बाजूला व्हायची सोय. आणि समोरच्याची चेन पडली की आपला फायदा होतो. ट्रिप्लेटची ती गडबडून हळू झालेली मुलं इथे 'लो परफॉर्मर' ठरतात.

खुद्द सायकलवरही हे येऊन पोचलंय. २००९ साली सुरू झालेल्या स्ट्राव्हा ॲपमुळे कुठल्याही फ्लायओव्हरचा 'घाटाचा राजा' होता येतं. तिथे मी अशा माणसाशी स्पर्धा करते, जो गेल्या मार्चमध्ये तिथून गेला आणि आत्ता घरी झोपलाय. तो माझ्यासाठी वारा कापत नाही, मी त्याच्या पायांना बळ देत नाही. ॲप वाईट आहे असं मी म्हणत नाही, मीही ते वापरते. पण आकडा साठवला गेला की हरणंही साठवलं जातं, आणि साठवलेलं हरणं सहजासहजी सोडून देता येत नाही.

माझ्या पिढीला याची सवय आहे. दहावीचे टक्के, सीईटीचा पर्सेंटाइल, कटऑफ, प्लेसमेंटचं पॅकेज, दरवर्षीचं अप्रेझल. वयाच्या पंधराव्या वर्षापासून आमची प्रत्येक शर्यत कुठे ना कुठे नोंदवलेली आहे. अशा माणसांना सकाळच्या रस्त्यावर पाऊण तास असा मिळतो, की ज्यात पूर्ण ताकदीनिशी चुरस करता येते, हरताही येतं, आणि चौक ओलांडला की त्याचा मागमूस उरत नाही. कुणी मोजत नाही म्हणून तिथे मनापासून खेळता येतं. बक्षीस नाही, तरी मला हा खेळ फार मोलाचा वाटतो.

हरायची ही मुभा आपल्याला फुकट मिळते. तिची अट, किंवा शर्त म्हणा, एकच आहे: समोरच्यालाही ती तितकीच फुकट मिळायला हवी.